आस्ती ग्रामाचे नामाख्यान

कृतयुगाचा दिवस कलला होता आणि त्रेतायुगाचा प्रारंभ अजून व्हावयाचा होता. धर्म आपल्या पायांवर उभा होता, पण त्यातला एक पाय थोडा थरथरू लागला होता. अशा त्या संधिकाळी, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, जिथे कुंदवती नावाची कृश पण निर्मळ नदी दोन टेकड्यांमधून वाट काढीत मैदानात उतरते, तिथे एक अगदी लहानशी वस्ती होती. वेळूच्या भिंतींच्या आणि गवती छपरांच्या मोजक्या झोपड्या, मधोमध एक उंबराचे झाड आणि सभोवार काटेरी कुंपण, एवढाच तिचा पसारा. तिथले लोक शेळ्या पाळीत, कड्यावरचा मध काढीत आणि टोपल्या विणीत. तिथे यज्ञमंडप नव्हता, देवालय नव्हते. दिग्विजयाला निघालेल्या राजांच्या अश्वांनीही त्या बाजूला कधी टाप टाकली नव्हती. स्वर्गाला ही वस्ती ठाऊक होती ती केवळ नावाने. वर्षाऋतूच्या आरंभी कोणकोणत्या ग्रामांवर बरसायचे हे मेघांना नाव घेऊन सांगितले जाई, आणि त्या असंख्य नावांच्या शेवटी कुठेतरी हिचेही नाव उच्चारले जाई. देवांचा आणि तिचा संबंध तेवढाच.

या वस्तीत शाल्मली नावाची एक विधवा राहत होती. तिचा पती मध काढताना कड्यावरून पडून निवर्तला होता. उंच, सावळी, उन्हावाऱ्याने रापलेली ही स्त्री फार बोलत नसे. पण एकदा तिने नाही म्हटले की तिची समजूत घालण्यापेक्षा समोरच्या टेकडीला बाजूला सरकायला सांगणे सोपे, असे वस्तीतले लोक हसत म्हणत. तिला पाटला नावाची एकुलती एक कन्या होती. ती नदीपलीकडच्या वेत्रग्रामात दिली होती. तिला दिवस गेले होते, आणि पळस फुलला की पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी यायची होती. शाल्मलीने झोपडीचा एक कोपरा तिच्यासाठी सारवून ठेवला होता, मऊ कातडी अंथरली होती, आणि दुभत्या शेळीचे करडू वेगळे बांधायला सुरुवात केली होती.

नदीच्या वरच्या अंगाला सांतपन ऋषींचा आश्रम होता. नीवाराच्या लोंब्या वाळत पडल्याने पिवळी दिसणारी अंगणे, वल्कलांच्या भाराने वाकलेल्या अशोकाच्या फांद्या, होमधूमाने काळवंडलेले आम्रपल्लव, आणि कुटीच्या दाराशी निर्भयपणे रवंथ करीत बसलेली हरिणे, यांनी तो आश्रम पाहणाऱ्याचे मन निववीत असे. सांतपनांच्या जिव्हेला जन्मापासून असत्याचा स्पर्श झाला नव्हता, आणि त्या पुण्याईने त्यांना वाचासिद्धी प्राप्त झाली होती. ते जे बोलत ते घडे. म्हणूनच ते बोलायला भीत. दिवसचे दिवस ते मौन पाळीत, फक्त प्रातःकाळी शाल्मली शेळीचे दूध घेऊन दाराशी आली, की ते देववाणीत विचारीत, “दुग्धम् अस्ति?” दूध आहे का? आणि ती म्हणे, “अस्ति.” आहे. मग ती मडके ठेवून निघून जाई. देववाणीतला तेवढा एकच शब्द तिला येत होता.

त्या सुमारास उत्तरेकडच्या पठारावर देव आणि असुर यांच्यात घनघोर संग्राम झाला. रथचक्रांनी उडालेल्या धुळीने सूर्य झाकोळून दिवसा नक्षत्रे दिसू लागली, ऐरावताच्या चीत्काराने दऱ्यांतले सिंह गुहांमध्ये शिरले, आणि वज्राच्या आघाताने असुरांची छत्रे वाळल्या पानांसारखी जळून गेली. असुरसैन्याचा संहार झाला. तेव्हा विजयोन्मत्त इंद्राने सर्वांसमक्ष प्रतिज्ञा केली, की या सैन्यातला एकही असुर पृथ्वीवर जिवंत आहे तोवर आपण अमरावतीत विजयशंख फुंकणार नाही. देवसेवकांनी रणभूमी धुंडाळली. सर्वांची प्रेते सापडली, एकाचे सापडेना. त्याचे नाव विरूढ.

हा विरूढ असुरांचा राजा नव्हता की सेनापती नव्हता. साधा पायदळातला योद्धा होता. त्याने रणात पुष्कळ देवगणांना लोळवले होते, आणि शेवटी वज्राच्या ठिणगीने त्याचा खांदा हाडापर्यंत भाजून निघाला होता आणि पायही जायबंदी झाले होते. रक्ताळलेला, धुळीने माखलेला, पाय ओढीत तो भर दुपारी त्या वस्तीत शिरला आणि शाल्मलीच्या अंगणात कोसळला. बाकीच्यांनी पोरेबाळे घेऊन दारे लावली. शाल्मली दारातच उभी होती. त्याने पाणी मागितले. तिने त्याचे कुळ विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण ओठांबाहेर आलेले सुळे आणि तांबूस जटा ते कुळ स्वतःच सांगत होत्या. तिने आतून पाण्याचा भोपळा आणला, त्याची मान आपल्या हातावर उचलून धरली आणि त्याला पाणी पाजले.

सृष्टीच्या आरंभी विधात्याने अशी मर्यादा घालून दिली आहे, की ज्या उंबरठ्यावर शरणागताने पाणी प्राशन केले, त्या ग्रामाच्या सीमेत त्याच्यावर कोणाचेही शस्त्र चालत नाही. तिथल्या माणसांनी त्याला सीमेबाहेर काढले किंवा तो आपण होऊन बाहेर पडला, तरच तो वध्य होतो. त्यामुळे शोध घेत आलेले देवसेवक कुंपणापाशी थबकले आणि त्यांनी स्वामीला वर्दी दिली.

मग स्वतः देवराज आला. शुभ्र पर्वतासारख्या ऐरावतावर आरूढ झालेला, सहस्र नेत्रांनी दाही दिशा उजळणारा, हातात धगधगते वज्र धारण केलेला तो पुरंदर कुंपणाबाहेर उभा राहिला, तेव्हा त्या झोपड्यांची छपरे त्याच्या तेजाने पारदर्शक झाल्यासारखी दिसू लागली. वस्तीतले लोक दंडवत पडले. शाल्मलीनेही हात जोडले. इंद्राने मृदू स्वरात सांगितले, की तुझ्या घरात माझा शत्रू आहे, तो बाहेर आणून दे. या उपकाराच्या मोबदल्यात तुमच्या कुंपणातली झुडपे कल्पवृक्ष होतील.

“देवराज,” शाल्मली म्हणाली, “त्याला चालता येत नाही. चालता येऊ लागले की तो त्याला वाटेल तेव्हा जाईल. मी त्याला बाहेर काढणार नाही.”

“त्याने माझे किती गण मारले, हे तुला ठाऊक आहे काय?”

“ठाऊक नाही. तो माझ्या अंगणात आला तेव्हा त्याच्या हातात शस्त्र नव्हते.”

“हा देवांचा वैरी आहे, स्त्रिये. आणि तू कोण? एका वाळल्या टेकडीवरची शेळ्या राखणारी बाई.”

“होय,” ती म्हणाली. “आणि अंगण माझे आहे.”

इंद्राचे सहस्र नेत्र आरक्त झाले. पण विधात्याची मर्यादा वज्रालाही ओलांडता येत नव्हती. तो परत फिरला.

तो गेल्यावर वस्तीचा ग्रामणी सुदेव याने सर्वांना उंबराखाली बोलावले. तो शाल्मलीचा थोरला दीर, भला पण पापभीरू मनुष्य. देवराजाशी वैर धरून आपण जगायचे कसे, मेघ त्याच्या हातात आहेत, असे त्याने तिला परोपरीने सांगितले. काहींनी त्याला दुजोरा दिला. शाल्मलीने ऐकून घेतले. ज्याला तो नकोसा झाला असेल त्याने माझ्या दारात यावे, त्याला उचलावे आणि सीमेबाहेर टाकावे, मी आडवी येणार नाही, एवढेच ती म्हणाली; मात्र ज्या हाताने हे होईल त्या हाताने यापुढे माझ्या घरी पाणी मागू नये.  मग मध काढणारा एक म्हातारा उठला आणि जखमेवर लावायला मध आणतो म्हणून निघून गेला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही उठले. शेवटी सुदेवही उठला, आणि तो शाल्मलीच्या शेळ्यांना चारा घालायला गेला.

इकडे इंद्र सांतपनांच्या आश्रमात पोहोचला. फार वर्षांपूर्वी या अरण्यात वणवा पेटला असता इंद्रानेच मेघ धाडून आश्रम वाचवला होता, आणि कृतज्ञ झालेल्या ऋषींनी त्याला वचन दिले होते, की असत्य तेवढे सोडून तू जे उच्चारायला सांगशील ते मी उच्चारीन. ते वचन आज त्याने मागितले. त्या ग्रामाचे नाव घेऊन ‘नास्ति’ असे म्हणा, ‘नाही’ म्हणा, एवढीच त्याची मागणी होती. ऋषी व्याकुळ झाले. ज्यांचे दूध पिऊन मी तप केले त्यांना मी नाहीसे कसे करू, असे त्यांनी विनवले. इंद्र म्हणाला, की आपण बोललात की ते खरेच होणार, तेव्हा त्यात असत्य कुठे आहे?  अखेर ऋषींनी एवढेच मागून घेतले, की असुर इंद्राच्या हाती लागला तर शाप ओसरावा. इंद्राने ते आनंदाने मान्य केले, कारण त्याला हवे होते ते हेच.

दुसऱ्या दिवशी सांतपन नदीकाठी आले. वस्तीतले सारे लोक कुंपणापाशी जमले. ऋषींनी कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतले, शापाचे कारण आणि उःशाप सांगितला, आणि त्या वस्तीचे नाव उच्चारून ते म्हणाले, “नास्ति.” आणि पाणी भूमीवर सोडले.

त्याच क्षणी ते नाव पृथ्वीवरून पुसले गेले. ते मीही सांगू शकत नाही, आणि माझ्या आधी ही कथा सांगणाऱ्या कोणालाही सांगता आले नाही. नाव गेले तशी वाट गेली. टोपल्या घ्यायला येणारे व्यापारी वळणापर्यंत येत आणि आपण इकडे कशाला आलो हे न आठवून परत फिरत. ओंजळ रिकामी होताच खुद्द सांतपनांच्याही नेत्रांत कुतूहलाचा भाव आला. आपण या ओसाड काठावर का उभे आहोत, असा प्रश्न पडल्यासारखे ते इकडेतिकडे पाहू लागले. त्यांच्यासमोर शाल्मली उभी होती. तिच्याकडे पाहूनही त्यांना ती दिसली नाही.

तिला क्रोध आला, आणि त्याहून अधिक दुःख झाले. शाप परतवण्याचे तप तिच्यापाशी नव्हते. पण या माणसाच्या दाराशी ती इतकी वर्षे जो शब्द बोलत आली होती, तो तिच्या ओठांवर आपोआप आला. त्यांच्या तोंडासमोर उभे राहून ती मोठ्याने म्हणाली, “अस्ति.”

ऋषी दचकले. कोणीतरी बोलल्यासारखे वाटून त्यांनी कान टवकारले, क्षणभर थांबले, आणि मग मान खाली घालून आश्रमाकडे चालू लागले.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. मेघ आले, दोन्ही टेकड्यांच्या माथ्यांवर बरसले आणि मधल्या वस्तीला वळसा घालून निघून गेले. नदीचे पाणी घागरींनी वाहून शेळ्या जगवाव्या लागल्या. पितरांना दिलेले तिलोदक ओंजळीतच आटून जाई. आणि सर्वांत वाईट असे, की ते लोक एकमेकांनाही विसरू लागले. डोंगरात धुके उतरले की शेळ्या राखणाऱ्याला आपण कोणत्या गावचे हेच स्मरेना, आणि तो भलतीकडेच चालू लागे. तेव्हा नदीकाठचा तो प्रसंग ज्यांनी पाहिला होता, त्यांनी एकमेकांना हाक मारायला शाल्मलीचाच शब्द उचलला. धुक्यात हरवलेला माणूस ओरडे, “अस्ति?” आणि वस्तीतून सारे मिळून ओ देत, “अस्ति.” त्या आवाजाचा माग धरून तो घरी येई. हळूहळू मुलेही तो शब्द बोलू लागली. कुठे निघालास असे कोणी विचारले तर पोर सहज म्हणे, अस्तीला.

विरूढाची जखम सावकाश भरत होती. तो अंगणात बसून टोपल्या विणायला शिकला. मोठ्या बोटांनी त्या वेड्यावाकड्या होत. आपल्यापायी काय घडले आहे हे त्याला कळत होते, आणि तो मान वर करून कोणाशी बोलत नसे.

पळस फुलला, आणि पाटला आली.

शाल्मलीला ती पलीकडच्या काठावर दिसली. पोट पुढे आलेले, डोक्यावर लहानसे गाठोडे, सोबत नवऱ्याची म्हातारी आत्या. शाल्मली पाण्यात कमरेपर्यंत शिरली आणि तिने हाक मारली. पाटलेने ऐकले नाही. शाल्मलीने पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तुझी आई आहे, म्हणून सांगितले, गावाचे नाव घेऊ पाहिले तर ते जिभेवर येईना. पाटला काठावर बराच वेळ उभी राहिली. आत्याने काहीतरी विचारले असावे. तिने नकारार्थी मान हलवली, डोळे पुसले, आणि ती आली तशी परत गेली.

शाल्मली परतली तेव्हा तिच्या ओल्या वस्त्रातून पाणी गळत होते आणि ती कोणाकडेही पाहत नव्हती. विरूढाने ते सारे पाहिले होते. तो भिंतीला धरून उठला आणि लंगडत कुंपणाच्या दाराकडे चालू लागला. शाल्मलीने त्याला अडवले.

“माते, मला जाऊ दे,” तो म्हणाला. “मी सीमेबाहेर पाऊल टाकले की तुझी मुलगी तुला ओळखील. माझ्यासाठी रडणारे कोणी उरलेले नाही.”

“तुला जायचे आहे म्हणून चाललास की माझी दया आली म्हणून?”

त्याने कुंपणाच्या दाराकडे नेलेला हात मागे घेतला.

“मग मागे फीर,” ती म्हणाली. “माझ्या रडण्यावर कोणी तुझा प्राण विकत घ्यावा, एवढे ते स्वस्त नाही. मी रडेन. पण देव मला रडवून तुला नेणार असतील, तर तसे होणार नाही. तुझे पाय बरे झाले की कुठेही जा, तेव्हा मी अडवणार नाही.”

विरूढ मागे फिरला आणि उंबराच्या खोडाला डोके टेकून बसला. असुर रडत नाहीत असे म्हणतात. सुदेवाने मात्र त्याला रडताना पाहिले.

पाटलेच्या मनाला माहेर आठवत नव्हते, पण तिच्या पायांना राहवेना. दिवस भरत आले तशी ती पुन्हा त्याच काठावर येऊन उभी राहिली. त्या सकाळी नदीवर दाट धुके होते. शाल्मलीला ती धूसर दिसली, पण या वेळी हाक मारायचे बळ तिच्यात उरले नव्हते. ती नुसती पाहत उभी राहिली. तेवढ्यात टेकडीवर वाट चुकलेल्या एका राखणदाराने नेहमीप्रमाणे साद घातली, “अस्ति?” आणि झोपड्यांतून सारे ओरडले, “अस्ति.”

पलीकडे पाटलेने चटकन मान वळवली.

शाल्मलीला एकदम उमगले. ऋषींनी जे नाव घेऊन ‘नास्ति’ म्हटले होते ते नाव गेले होते. पण गावाचे नाव म्हणून हा शब्द तर शापानंतर जन्मला होता. त्याला शाप लागलाच नव्हता. ती पाण्यात धावली आणि सारे प्राण कंठात आणून ओरडली, “पाटले, हे तुझे माहेर. याचे नाव अस्ति.” तिच्यामागे सारी वस्ती काठावर येऊन तोच शब्द गर्जू लागली. तो ध्वनी दोन्ही टेकड्यांवर आदळून नदीवर पसरला, आणि त्याच्यासरशी धुके असे दुभंगले, की पाटलेला झोपड्या दिसल्या, उंबर दिसला, आणि पाण्यात उभी असलेली आई दिसली.

“आई,” ती म्हणाली, “मला वाट सापडत नव्हती गं.”

सुदेवाने तिला उचलून पलीकडून आणले, आणि कुंपणापासून झोपडीपर्यंत विरूढाने. सूर्य माथ्यावर येण्याआधी सारवलेल्या त्या कोपऱ्यात तिला मुलगी झाली.

आता वाटा मोकळ्या झाल्या. व्यापारी येऊ लागले, आणि वाट चुकल्यासारखा एक मेघही येऊन छपरांवर बरसून गेला. विरूढाचे पाय बरे झाले होते. एका पहाटे त्याने शाल्मलीला नमस्कार केला आणि मी तुला काय देऊ असे विचारले. सैन्य घेऊन इकडे कधी येऊ नकोस, एवढेच दे, असे ती म्हणाली. तिने त्याला भाकरी आणि मध बांधून दिला. तो गेला.

मेघाने वर्दी दिल्यावर इंद्र आला. या वेळी त्याने सांतपनांना बरोबर आणले होते. वस्ती पुन्हा जशीच्या तशी पाहून तो क्षणभर स्तिमित झाला, आणि त्याने विरूढाला समोर आणण्याची आज्ञा केली. तो निघून गेला, असे शाल्मलीने सांगितले.

“कोणत्या दिशेने?”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “सांगणार नाही.”

आता मात्र इंद्राचा संयम सुटला. त्याच्या हातातल्या वज्रातून ज्वाळा निघू लागल्या, ऐरावताने सोंड उंचावून दिशा दणाणून सोडल्या, आणि झोपड्यांतली मुले आयांना बिलगली. तो सांतपनांकडे वळून म्हणाला, “मुनिवर, आपले वचन अजून संपलेले नाही. या ग्रामाने नवे नाव धारण केले आहे. ते नाव घ्या आणि पुन्हा म्हणा, नास्ति.”

सांतपनांनी ओंजळीत पाणी घेतले. त्यांनी त्या लोकांकडे पाहिले, शाल्मलीच्या कडेवरच्या तान्ह्या नातीकडे पाहिले, आणि नाव काय म्हणून विचारले. शाल्मलीने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितले, “अस्ति.”

ऋषींनी मुख उघडले. “अस्ति,” ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबले. मग त्यांच्या जटाभारामागून, तपाने कृश झालेल्या त्या मुखावर, हसू उमटले. त्यांना हसताना कोणीच कधी पाहिले नव्हते.

“देवराज,” ते म्हणाले, “मी तुला वचन दिले होते ते असत्य सोडून. ‘आहे’ ते ‘नाही’, असे म्हणणारे वाक्य पूर्ण होण्याआधीच असत्य होते. तू मला जाळलेस तरी हे माझ्या जिव्हेवर यायचे नाही. नाव घेतल्यावाचून शाप बसत नाही, आणि या ग्रामाचे नाव घ्यायचे तर ते आहे असेच म्हणावे लागते. इतके दिवस माझ्या दाराशी एक रिकामे मडके पडून होते. ते कोणाचे, हे मला आज आठवले.” आणि ओंजळीतले पाणी त्यांनी शाल्मलीच्या पायांवर सोडले.

 वज्र उचललेला इंद्राचा बाहू हळूहळू खाली आला. देवांच्या स्वामीला रित्या हाताने परतणे साजत नाही, म्हणून त्याने स्वर बदलून शाल्मलीला वर मागायला सांगितले. तिने हात जोडून नकार दिला. आम्हाला देता येत नाही ते मागू नका, एवढे पुरे आहे, असे ती म्हणाली.

हा नकार त्याला शापाहून झोंबला. ऐरावत वळवता वळवता तो म्हणाला, “तर ऐक. हे ग्राम कधी वाढणार नाही. इथे हाट भरणार नाही, प्राकार उभा राहणार नाही, कोणत्याही राजाच्या तोंडी याचे नाव येणार नाही. युगे लोटतील आणि हे मूठभर झोपड्यांचे, मूठभरच राहील.”

“राहील ना?” शाल्मलीने विचारले.

इंद्राच्या ध्यानात आले, पण शब्द तोंडातून गेला होता. राहील, असे देवराज स्वतः म्हणाला होता.

विजयशंख त्या खेपेला अमरावतीत वाजला नाही. पुढे त्रेता गेले, द्वापार गेले. इंद्रपदावर बसणारेही बदलले. कुंदवतीच्या काठची मोठमोठी नगरे उभी राहिली आणि मातीला मिळाली. ती वस्ती मात्र तेवढीच आहे. लोकांच्या बोलण्यात घोळून घोळून ‘अस्ति’चे ‘आस्ती’ झाले. आजही नदीपलीकडून कोणी वाटसरूने हात उंचावून विचारले, की तिकडे काही वस्ती आहे का हो, तर काठावर धुणे धुणारी बाई कंबर सरळ करून एकच शब्द ओरडते, आणि त्यात प्रश्नाचे उत्तर आणि गावाचे नाव दोन्ही येते.

ही कथा ऐकल्याने स्वर्ग मिळतो, असे आस्तीचे लोक म्हणत नाहीत; स्वर्ग त्यांनी कुंपणापर्यंत आलेला पाहिला आहे. धुक्यात कोणाची हाक आली तर ओ द्यावी, मग तो कोणीही असो, इतकेच ते म्हणतात, आणि पाण्याचा भोपळा भरून दाराशी ठेवतात.